चतुर्दशीचं पान

महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचा माग काढायचा ठरला की बहुतेक घरं आधी पलटणीकडे वळतात. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र जातं, इंटरनेटवर नाव टाकून पाहिलं जातं, आणि हाती काही लागत नाही. माझं मत असं की हा शोध माजघरात सुरू करावा. घरातली सर्वांत वयस्कर बाई असेल तिच्याजवळ बसावं आणि विचारावं, ‘आजी, आपल्याकडं म्हाळ कुठकुठल्या तिथीला घालायचे? कुणाकुणाचं पान असायचं?’

रीत साधी आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याचा म्हाळ. पण शस्त्रानं किंवा अपघातानं मेलेल्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवला आहे, तो चतुर्दशीचा. पंचांगात तिला घातचतुर्दशी म्हणतात. एखाद्या घरात आजोबा-पणजोबांचा म्हाळ पंचमीला किंवा नवमीला होतो आणि तरीही चतुर्दशीला कावळ्यासाठी आणखी एक घास छपरावर जातो. का, ते कुणालाच सांगता येत नाही. सासूनं केलं म्हणून सून करते. कुणी विहिरीत पडलेला असेल, कुणी इंद्रायणीच्या पुरात गेलेला असेल. पण कुणी बसऱ्याला किंवा इटलीत पडलेलाही असू शकतो. नाव विसरून गेलं, मरणाचा प्रकार मात्र त्या तिथीनं शंभर वर्षं सांभाळला. कागदानं न दिलेली ही पहिली खूण.

गावच्या दप्तरात ती सापडत का नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. समजा, देहूतल्या एका शेतकऱ्याचा मधला मुलगा १९१५ मध्ये पलटणीत गेला आणि परत आला नाही. वय वीसच्या आसपास, बाप हयात. म्हणजे जमीन बापाच्या नावावर. मुलाच्या नावे गुंठाही नाही, त्यामुळे तो गेला तेव्हा वारस नोंद झाली नाही, फेरफार झाला नाही. पुढं बाप वारला तेव्हा वारस म्हणून उरलेल्या दोन भावांची नावं लागली. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू असतात. हा तर समुद्रापार मेला. शाळेत गेला असेल तर दाखल्याच्या रजिस्टरात असेल, पण त्या काळी किती जण शाळेत गेले? हवेली तालुक्याच्या दप्तरापुरतं बोलायचं तर असा मुलगा जन्माच्या एका ओळीपुरता असतो आणि नंतर नसतोच.

२०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी अख्खा मराठवाडा नि पाठोपाठ उरलेला महाराष्ट्र तहसिलीच्या अभिलेख कक्षाशी रांगा लावू लागला. मोडी वाचणाऱ्यांचे दिवस पालटले. घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या. तो शोध हक्कासाठी होता आणि रास्तच होता. पण जातीच्या दाखल्याला लागते ती सरळ खाली उतरणारी रेघ. पणजोबांचा बिनलग्नाचा भाऊ त्या रेघेत बसत नाही. कितीतरी वंशावळींत युद्धात गेलेल्या माणसाची फांदी अशीच कापली गेली असेल, आणि तीही घरच्यांच्याच हातून.

आता लष्कराची बाजू. तिथं नोंद आहे, भरपूर आहे, पण ती वेगळ्याच तऱ्हेची आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं खेडोपाडी संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि नाव एकही नाही. चावडीच्या भिंतीत नाहीतर शाळेच्या आवारात अशी पाटी दिसली की मला दर वेळी चीड येते. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला बापाच्या नावासकट ओळखतो, त्या गावाला आकडा सांगायचा?

हाच आकडा इराकमधल्या बसऱ्यात मोठा झाला. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक तिथं आहे. ब्रिटिश शिपायाचं नाव तिथल्या भिंतीवर कोरलं गेलं. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावं आली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली त्यांची संख्या आली. नावं छापील नोंदवहीत राहिली. युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची स्थापना १९१७ची, आणि सर्व मृतांना सारखा मान हे त्याचं तत्त्व. त्याच आयोगानं नेमलेल्या समितीनं २०२१ मध्ये मान्य केलं की आशियाई आणि आफ्रिकी मृतांपैकी ४५ ते ५४ हजारांचं स्मरण असमान रीतीनं झालं, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित त्याहून पुष्कळ अधिक जणांची नावं कुठंच लागली नाहीत. आयोगानं जाहीर माफी मागितली.

म्हणजे घराला मरणाचा प्रकार ठाऊक आहे आणि ठिकाण ठाऊक नाही. सरकारला ठिकाण ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, आणि माणूस ठाऊक नाही. शोध म्हणजे या दोन अर्ध्या नोंदी एकमेकींना लावणं. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचा सगळा त्याचा विस्तार.

त्या दोन नोंदी जुळतात कुठं? बापाच्या नावावर आणि गावावर. आयोगाच्या यादीत शिपायाचं नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक असतं, आणि पुष्कळदा शेवटी एक ओळ: अमक्याचा मुलगा, राहणार अमुक, तालुका अमुक, जिल्हा पुणे. ही ओळ भरतीच्या वेळी शिपायानं तोंडी सांगितलेली आणि कारकुनानं कानाला लागेल तशी इंग्रजीत उतरवलेली. मोरे हे आडनाव, देहू हे गाव, दोन्ही इंग्रजीत कित्येक तऱ्हांनी लिहिता येतात. म्हणून आडनावावर अडून बसू नये. पलटण धरावी, जिल्हा जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं घ्यावा, बापाचं नाव उच्चारून पाहावं आणि मग ओळी एकेक करून वाचाव्यात. घरात त्याला सगळे ‘बाळा’ म्हणत असतील आणि कागदावर तो ‘लक्ष्मण’ असेल. कागदावरचं नाव आणि घरातलं नाव एकाच माणसाचं आहे हे सांगणारी माणसं आज नव्वदीत आहेत.

ट्रंकेत पदक असेल तर काम सोपं होतं. पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अडचण ही की त्यांतलं एक पदक चांदीचं होतं, आणि दुष्काळाच्या वर्षी घरातली चांदी कुठं जाते हे सांगायला नको. मृताच्या स्मरणार्थ दिलेली, वीतभरही नसलेली ब्राँझची गोल चकती मात्र काही घरांत उरलेली असते. पहिल्या महायुद्धातल्या प्रत्येक मृताच्या घरी ती पाठवली गेली. तिच्यावर हुद्दा नाही, फक्त नाव. साहेब असो की शिपाई, चकती सारखीच. बसऱ्याच्या भिंतीवर जे झालं नाही ते त्या चकतीवर झालं होतं.

देहूच्या माणसाला यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. देहूत तुकोबांची समाधी नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे. इथं वैकुंठस्थान आहे, नांदुरकीचा वृक्ष आहे आणि फाल्गुन वद्य द्वितीयेची बीज आहे. आणि परंपरा सांगते की नारायणबाबांचा जन्म तुकोबांच्या प्रयाणानंतरचा. ज्या मुलानं बाप डोळ्यांनी पाहिला नाही, त्यानं १६८५च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. शिपायाची तुलना संताशी करायची नाही. पण देह हाती नसताना माणसाला वंशात कसं धरून ठेवायचं, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

मराठी शिपायांच्या बाबतीत तर कबर नसणं हाच नियम आहे. हिंदू शिपायाला अग्नी दिला गेला. इटलीत सांग्रो नदीकाठच्या युद्धकबरस्तानात अग्नी दिलेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांच्या नावांचं स्वतंत्र स्मारक आहे. नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडच्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, मोर्चा घेतला आणि तिथंच गोळी लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. एवढ्या नामांकित माणसाची ही गोष्ट; बाकीच्यांचं काय झालं असेल ते ओळखावं.

कधीकधी सापडलेली नोंद घरातल्या कथेला धक्का देते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या सहाव्या डिव्हिजनच्या नावातच पुणे होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ती कुत-अल-अमारात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ला उपाशीपोटी शरण गेली. पुढं कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हगवण आणि तापानं माणसं गेली. घरी सांगितलं जातं, ‘लढता लढता पडला.’ तारीख मात्र शरणागतीच्या नंतरची निघते. अशा वेळी तारीख लपवू नये. भुकेनं आणि चालून चालून मेलेला शिपाई गोळीनं मेलेल्याहून उणा नाही, आणि त्याच्या वाट्याला आलेलं मरण अधिक लांब होतं.

स्वतंत्र भारताच्या युद्धांतले मृत वेगळ्या ठिकाणी सापडतात. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ मध्ये खुलं झालं. तिथं ग्रॅनाइटवर नावं आहेत, हुद्द्यासकट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारता येतं.

देहूरोडकडच्या घरांचा शोध आणखी वेगळा. तिथली लष्करी वस्ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढली, डेपोच्या कामावर दलित कुटुंबं आली, आणि २५ डिसेंबर १९५४ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. या घरांत चतुर्दशीचं पान सापडणार नाही. ती रीतच त्यांनी सोडली. तिथं पलटण हाच धागा. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट नव्यानं निघाली. पूर्वजाच्या सेवेची वर्षं या तारखांशी लावून पाहिली की तो कुठल्या पलटणीत असू शकत होता आणि कुठल्या नाही, हे लगेच कळतं.

लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या तीन लाखांहून अधिक पंजाबी सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या होत्या. त्यांतला काही भाग २०२१ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि विलायतेतल्या पंजाबी घरांना आपापली गावं सापडू लागली. आपल्याकडे खडकीला, मुळेकाठी, होळकर पुलाजवळ युद्धकबरस्तान आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६००हून अधिक कबरी तिथं आहेत, आणि १९१४-१८चं स्मारक. परदेशातली माणसं आजोबांचा दगड शोधत तिथं येतात. देहूहून खडकी तासाभराच्या वाटेवर आहे. आपण आपले आजोबा शोधत बसऱ्याला जाऊ शकणार नाही, पण यादी वाचू शकतो.

आणि नोंद जुळली तर तिथं थांबू नये. वंशावळीत त्याची फांदी परत काढावी: नाव, नंबर, पलटण, तारीख, स्मारक. यादीतलं नाव किंवा गाव चुकलेलं असेल तर पुराव्यासकट आयोगाला कळवता येतं. नावच नसेल तर तेही मांडता येतं. आजीनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, कुणाचा कोण ते स्पष्ट लिहून ठेवावं आणि तिची सही किंवा अंगठा घ्यावा. ग्रामपंचायतीला अर्ज करून जुन्या पाटीशेजारी नावांची पाटी लावून घ्यावी, सगळी नावं मिळाली नसली तरी.