दामाजीपंतांचं देणं

औराद, भालकी, बसवकल्याणकडे कीर्तनाला बसणाऱ्यांना दामाजीपंतांची कथा नव्याने सांगावी लागत नाही. दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बहमनी सरकारचं कोठार भुकेल्यांसाठी उघडलं, बीदरहून पकडून आणायचा हुकूम सुटला आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने दरबारात रक्कम भरून पावती घेतली. इतिहास म्हणून या कथेवर किती विसंबावं, हा वेगळा प्रश्न. महिपतीच्या ‘भक्तविजया’तून ती घरोघर पोचली एवढं खरं. पण देव इथे सरकारची बाकी बुडवत नाही, माफही करून घेत नाही. धान्य पुण्याच्या कामी गेलं तरी देणं ते देणंच. तेव्हा क्रेडिट कार्डाची थकबाकी वसुली एजंटाकडे गेली म्हणजे आपण सुटलो, असं म्हणणाऱ्याला या परंपरेचा आधार नाही. तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली, असं कोणी म्हणेल. बुडवली, पण ती त्यांच्या स्वतःच्या येण्याची, भावाचा वाटा वेगळा काढून. सावकाराचा त्याग ऋणकोच्या नावे जमा होत नाही.

मात्र देणं खरं म्हणून मागितलेला प्रत्येक रुपया खरा ठरत नाही. एका वेळी वसूल होणारं व्याज मुदलाहून जास्त नसावं, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीत आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो इंग्रजी अमलातही मानला. कार्डाचं महिना साडेतीन टक्के व्याज सरळ हिशेबानेही वर्षाला 42 टक्के होतं. 30 टक्क्यांवरचं व्याज राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये अनुचित ठरवलं होतं; सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला, धर्माचा नाही. सही स्वतःच केली होती ना, हा आक्षेप वजनदार आहे. पण जुन्या सावकाराच्या खतावरही ऋणकोची सही किंवा अंगठा असायचाच, आणि दामदुपटीची मर्यादा घातली गेली ती अशाच कबुलीवर. अडलेल्याची संमती शास्त्रकारांनी पुरती मोकळी मानली नाही.

लाज वाटल्याशिवाय कोण फेडणार, असंही विचारतात. बँकेला दिवाणी दावा लावता येतो, क्रेडिट स्कोअर घसरतोच. शिवाय तगाद्याची लाज बहुतेकदा भलत्याच माणसाला लागते: शेजाऱ्याला, मेव्हण्याला, ज्यांनी कार्ड पाहिलंही नाही त्यांना. नातेवाइकांना छळू नये, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावलं आहे. बापाचं कर्ज फेडणं मुलाचं धर्मकर्तव्य मानणारा हिंदू कायदाही व्यसनापायी किंवा जुगारात केलेलं कर्ज मुलावर लादत नव्हता, आणि 2005 नंतरच्या कर्जांपुरतं ते कर्तव्य कायद्यानेच काढून टाकलं. एजंट मात्र अजून मुलालाच फोन लावतो.