मशीनगन नेमकी कुठे असते?

भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं: महाराज ज्या रथातून आले, तो रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. शेवटी त्याने मान्य केलं की या सगळ्या भागांच्या जुळणीला व्यवहारापुरतं दिलेलं नाव म्हणजे रथ. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं आणि त्याच्या परिसराला नागसेनाचं नाव आहे, ते याच जोडीवरून.

अमेरिकेच्या संघीय शस्त्रकायद्याला हा प्रश्न नव्वद वर्षांपासून छळतो आहे. त्यात व्यवहारापुरतं नाव म्हणून सुटका नाही, कारण नाव चुकलं तर माणूस दहा वर्षं तुरुंगात जाऊ शकतो. आणि हा गोंधळ सर्वात उघडा पडतो तो सर्वात किरकोळ काडतुसात, पॉइंट टू-टू रिमफायरमध्ये. याचा पेटता मसाला बुडाच्या कडेत असतो, कडेवर ठोका बसला की गोळी सुटते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, ते हेच काडतूस वापरून. गोळीमागे काही सेंट एवढाच खर्च.

अशा काडतुसावर सलग झाडणाऱ्या बंदुकाही निघाल्या. अमेरिकन-१८० नावाच्या बंदुकीच्या डोक्यावर थाळीसारखं १७७ गोळ्यांचं मॅगझिन आडवं बसतं आणि ती मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडते. म्हणजे नऊ सेकंदांत थाळी रिकामी, खर्च दहा-पंधरा डॉलर. गोळ्यांच्या हिशेबात याहून स्वस्त मशीनगन मिळणं कठीण. बंदुकीची किंमत मात्र निराळ्याच कारणाने चढते.

१९३४च्या कायद्याने मशीनगनवर दोनशे डॉलर कर बसवला. तेव्हा थॉम्पसन सबमशीनगनही साधारण तेवढ्यालाच मिळे, त्यामुळे कर म्हणजे जवळजवळ बंदीच होती. हा आकडा पुढे कधी वाढवला गेला नाही आणि महागाईने त्याचं ओझं खाऊन टाकलं. मग १९ मे १९८६ आला. त्या दिवसापर्यंत कायद्याने नोंदवलेल्या मशीनगनच सामान्य नागरिकाने बाळगायच्या, त्यानंतर बनलेल्या नाहीत, असं ठरलं. बोटांचे ठसे, फोटो, अर्ज, दोनशे डॉलर, शिवाय आपल्या राज्याची मुभा हे सगळं जमवलं तरी विकत घ्यायला उरल्या त्या सुमारे पावणेदोन लाख जुन्या बंदुकाच. पुरवठा गोठला, भाव पाच आकड्यांत गेले.

आता रुगर १०/२२ ही साधी रिमफायर रायफल पाहा. तीन-चारशे डॉलरला दुकानात मिळते, एका चापाला एक गोळी. १९८६पूर्वी काही कारागिरांनी तिच्या चापाचा जोड सलग झाडण्याजोगा करून तोच मशीनगन म्हणून नोंदवला. कायद्याच्या लेखी मशीनगन म्हणजे तो तळहाताएवढा जोड. नळी नाही, दस्ता नाही, खोक्यात पडलेला, तरी मशीनगन. अगदी तसाच जोड आज कुणी घरी बनवला तर तो गुन्हा. धातू तोच, काम तेच, फरक फक्त तारखेचा. राजा ज्याला रथ म्हणायला धजला नाही, त्या आसालाच वॉशिंग्टनने रथ ठरवलं आणि त्याच्यावर क्रमांक कोरला. खरेदीदार हजारो डॉलर मोजतो ते या क्रमांकाचे. तारखेने मिळालेल्या या निर्दोषपणात नैतिक असं काहीच नाही, हे मात्र बंदूकवाले आणि बंदीवाले दोघेही क्वचितच बोलतात.

उत्तर भागात सापडलं नाही, तर कृतीत सापडेल? मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात हाच वाद आहे. निगंठांच्या, म्हणजे जैन मुनींच्या मते कायेचं कर्म सर्वात जड, बुद्धाच्या मते मनाचं. (नोंद बौद्धांनी ठेवली, त्यामुळे कोण जिंकलं ते सांगायला नको.) १९९४ साली स्टेपल्स खटल्यात अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय मनाच्या बाजूने गेलं: बंदूक सलग झाडते हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. निकाल लिहिला न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी.

तीस वर्षांनी त्यांनीच बम्प स्टॉकचा निकाल लिहिला. २०१७ साली लास वेगासच्या हत्याकांडात वापरलं गेलेलं हे साधन बंदुकीच्या धक्क्याने चाप पुन्हापुन्हा बोटावर आपटवतं. मन एकदाच ठरवतं, गोळ्या शेकडो सुटतात. सहा विरुद्ध तीन बहुमताने ठरलं की ही मशीनगन नव्हे, कारण प्रत्येक गोळीला चाप नव्याने हलतो. कर्म कुणाचं मोजायचं, तर चापाचं. न्यायमूर्ती सोटोमेयर यांचं भिन्नमत माणसाची कृती मोजत होतं. कायद्याचे शब्द थॉमस यांच्या बाजूला झुकत असतील, पण उपालिसुत्तातल्या दोन्ही पक्षांना हे ऐकून नवल वाटलं असतं. ते निदान काया आणि मन यांवर भांडत होते, लोखंडी तुकडा कर्ता असल्याचा दावा कुणाचाच नव्हता.

रिमफायरवाल्यांनी हा खेळ आधीच पाहिला होता. रुगर १०/२२साठीच निघालेल्या एकिन्स ॲक्सिलरेटर नावाच्या दस्त्यात एक स्प्रिंग होती, ती मागे सरकलेली बंदूक पुन्हा पुढे ढकलायची. सरकारी खात्याने आधी हा दस्ता मशीनगन नाही असं लेखी कळवलं आणि २००६ साली तोच मशीनगन ठरवला. मालकांना स्प्रिंग काढून सरकारजमा करायला सांगितलं. स्प्रिंग गेली, उरलेला दस्ता निष्पाप.

२०२५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने आणखी एका साधनावरचा वाद तडजोडीने मिटवला. यात प्रत्येक गोळीनंतर यंत्रच चापाला जोराने पुढे रेटतं. किंमत काही शे डॉलर. संघीय दृष्टीने ते साधन मशीनगन नाही, पण अनेक राज्यांनी आपापल्या कायद्याने त्यावर तरीही बंदी घातली आहे. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की खोक्यातली वस्तू तीच राहते आणि मालक गुन्हेगार होतो.