कीचक कोण करणार?

विराटाच्या भरसभेत कीचकानं सैरंध्री म्हणून राहणाऱ्या द्रौपदीचे केस धरले, तिला खाली पाडलं आणि लाथ मारली, तेव्हा धर्मराज त्याच सभेत बसला होता. कंक या नावानं, फाशांचा जाणकार म्हणून. भीमही तिथेच होता, बल्लव या नावानं, आचारी म्हणून. विराटपर्वातल्या या प्रसंगात व्यासांनी कुणालाच सोडलेलं नाही. भीमाची नजर बाहेरच्या झाडाकडे जाते. आता हा ते उपटणार, हे ओळखून युधिष्ठिर आपल्या अंगठ्यानं त्याचा अंगठा दाबतो आणि म्हणतो, आचाऱ्या, सरपणासाठी झाड न्याहाळतोस की काय, लाकडं हवीत तर बाहेर जाऊन तोड. राजा विराट म्हणतो, तुमचं भांडण माझ्या माघारी झालं, खरं काय ते ठाऊक नसताना न्याय कसा करू? आणि न्याय मागणाऱ्या सैरंध्रीला धर्मराजच सुनावतो की तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडत उभी राहून तू राजसभेतल्या खेळात व्यत्यय आणते आहेस. हे बोलताना त्याच्या कपाळावर घाम आलेला असतो.

तो घाम खोटा नाही. अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास होता. पाच भावांचं आणि खुद्द द्रौपदीचंही पुढचं आयुष्य त्या गप्प बसण्यावर टांगलेलं होतं. मग ते गप्प बसणं धर्म होतं की धर्माच्या नावानं केलेली टाळाटाळ? पुराणातली कथा आपण पुन्हापुन्हा रंगमंचावर आणतो ती माझ्या मते अशा प्रश्नांसाठी. आणि ज्या काळात राज्य डळमळत असतं, माणसं तुरुंगात जात असतात, त्या काळात हीच कथा उभी केली की प्रश्न पुराणात राहत नाही, प्रेक्षकांत येऊन बसतो.

मी गणेशपुरीत राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता गावातल्या मुलामुलींना घेऊन हौशी नाटक बसवते. यंदा काकासाहेब खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घेतलं आहे. मुकुट आणि भरजरी शेले न वापरता ते 1907 सालच्या काळात उभं करायचं ठरवलं, आणि दोन बाजूंनी हरकती आल्या. नित्यानंदबाबांच्या समाधीपाशी रोज बसणारे एक वयस्कर काका म्हणाले, “बाई, हे क्षेत्र आहे. इथे माणसं शांत व्हायला येतात. देवाधर्माच्या कथेत राजकारण कालवू नका.” भिवंडीला कॉलेजात जाणारी मुलं उलट बाजूनं भांडली. “1907 कशाला, बाई? आजचेच कपडे घालू. कीचक कोण ते लोकांना लगेच कळेल.” दोन्ही हरकती मनापासूनच्या आहेत. म्हणून दोन्हींना मनापासूनच उत्तर द्यायला हवं.

काकांना आधी. आपल्या परिसरातली देवस्थानं राजकारणाच्या वाऱ्यापासून कधीच लांब नव्हती. शेजारच्या वज्रेश्वरीचंच घ्या. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला होता. 1739 मध्ये वसई पडली आणि नवसाप्रमाणे देवीचं मंदिर बांधलं गेलं. त्या पायऱ्या चढताना राजकारण वर चढतंय असं कुणाला वाटत नाही. संकटाच्या काळात माणूस देवाकडे आणि देवाच्या कथांकडेच जातो. तिथे जाऊन तो काय मागतो, आपल्या बाजूचा विजय की आपल्या वागण्यावरचा प्रकाश, हा खरा धार्मिक प्रश्न आहे.

आता 1907. खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांच्या अगदी जवळचे. 1905 च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशी आणि बहिष्काराचं वारं महाराष्ट्रभर होतं. अशा वेळी महाराष्ट्र नाटक मंडळीनं ‘कीचकवध’ रंगमंचावर आणलं. नाटकात इंग्रज नाही, इंग्रजांचं नाव नाही. कथा व्यासांचीच. पण उन्मत्त कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, छळल्या जाणाऱ्या सैरंध्रीत देश दिसला, सबुरी सांगणाऱ्या कंकात मवाळ दिसले आणि मुठी आवळणाऱ्या बल्लवात जहाल. गंमत नव्हे, गांभीर्यानं लक्षात घेण्याची गोष्ट अशी की कर्झन तर 1905 अखेरीसच हिंदुस्थान सोडून गेला होता. कीचकाचं सोंग ज्याच्यावर बेतलं तो माणूस निघून गेल्यावरही प्रेक्षकगृहं पेटत होती. कारण नाटकातला खरा झगडा कीचकाशी नव्हताच, तो कंक आणि बल्लव यांच्यातला होता. 1907 च्याच डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली. जो वाद सुरतेच्या मांडवात झाला तो मराठी प्रेक्षकानं आधी विराटाच्या राजवाड्यात ऐकला होता.

1910 मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा 1876 चा कायदा हाताशी होताच. पण बंदी घालायची म्हणजे सरकारला आधी कबूल करावं लागलं की हा कीचक आम्हीच. ज्या नाटकात त्याचं नाव नव्हतं त्यात त्यानं स्वतःला ओळखलं. पुराणकथेचं हे सामर्थ्य मोठं आहे. ती आरोप करत नाही, आरसाही समोर धरत नाही. ती फक्त घडते, आणि ज्याच्या अंगाला ती लागते तो उठून उभा राहतो.

इथपर्यंत मी मुलांच्या बाजूची आहे. पण त्याच काळातली दुसरी एक घटना मला थांबवते. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून ‘शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या तिघांच्या त्यागापुढे माझी मान झुकते. तो विद्यार्थिदशेतला अनंता डोळ्यांपुढे आला की माझ्यातली शिक्षिका कासावीस होते. आणि तरीही मला हे विसरता येत नाही की मारला गेलेला माणूस संस्कृत जाणणारा, इथल्या इतिहासाचा अभ्यासक होता आणि लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. तो राज्ययंत्राचा भाग होता हेही तितकंच खरं. रंगमंचावरचा कीचक मेला की नट उठून रंग पुसतो. बाहेर तसं होत नाही. म्हणून जो कुणी पुराणातला खलनायक चालू काळातल्या माणसाच्या अंगावर चढवतो, त्यानं आपण काय करतो आहोत हे पुरतं समजून करावं.

आपल्या रसशास्त्रानं याचा विचार फार पूर्वी केला आहे. भट्टनायकांनी साधारणीकरण सांगितलं आणि अभिनवगुप्तांनी ते पुढे नेलं. रंगमंचावरचं दुःख हे माझं, हे शत्रूचं, हे परक्याचं, अशी वाटणी गळून पडते तेव्हाच रस निर्माण होतो. कीचकाला पाहून मला माझ्या शेजारच्या पक्षाचा माणूस आठवला की ही वाटणी गळायच्या ऐवजी घट्ट होते. मला मिळतो तो सूड, रस नव्हे. अर्धं गाव टाळ्या वाजवेल, अर्धं उठून जाईल, आणि दोघांचीही खात्री एकच असेल की विराटाच्या सभेत आपण नव्हतो. मुलांना माझं सांगणं आहे ते हेच. आजचे कपडे घातले म्हणून नाटक धीट होत नाही.

अभिनवगुप्तांचं नाव मी सहज घेतलेलं नाही. गणेशपुरीत त्यांच्या काश्मीर शैवदर्शनाची ओळख स्वामी मुक्तानंदांमुळे घरोघरी पोहोचली. वसुगुप्तांच्या शिवसूत्रांत नाटकाचीच भाषा आहे. आत्मा हा नट, अंतरंग हा रंगमंच आणि इंद्रियं ही प्रेक्षक. काका याच सूत्रांचा आधार घेऊन मला म्हणाले की मग कीचकही तोच आणि भीमही तोच, सगळी लीला. राजकारण कसलं करता? हा युक्तिवाद आमच्या गावात मी पुष्कळदा ऐकला आहे आणि दर वेळी तो मला अपुरा वाटला आहे. एकच नट सगळी सोंगं घेतो हे मान्य केलं तर लाथ खाणारी सैरंध्रीही मीच आहे. तिला लागलेलं मला लागलंच पाहिजे. आणि लाथ मारणारा पायही माझ्याच ठिकाणी संभवतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. अद्वैतानं जबाबदारी दुप्पट होते. अद्वैताच्या आडोशानं सभेत गप्प बसणं म्हणजे विराटाचंच उत्तर, की माझ्या माघारी झालं, मला काय ठाऊक.

जगातही हे घडून गेलं आहे. 1944 च्या फेब्रुवारीत, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, तिथल्या अतेलिए नाट्यगृहात झाँ आनुईचं ‘अँटिगनी’ आलं. सोफोक्लीसची दोन हजारांहून अधिक वर्षं जुनी कथा, भावाच्या दफनासाठी राजाज्ञा मोडणाऱ्या बहिणीची. जर्मनांनी परवानगी दिली होती. कुणाला अँटिगनीत प्रतिकार दिसला, कुणाला क्रेऑन राजाच्या तोंडी व्यवहारी शहाणपण दिसलं, आणि जो तो आपलीच बाजू घेऊन घरी गेला. पुढे दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी तेच कथानक तुरुंगात केलं. तिथे नेल्सन मंडेलांनी भूमिका केली ती क्रेऑनची, म्हणजे राजाची. ज्याला राज्यानं कोठडीत टाकलं त्या माणसानं राज्याचा आवाज स्वतःच्या तोंडून काढून पाहिला. उद्या सत्ता हाती आली तर आपण काय होऊ शकतो, याचा तो अभ्यास होता असं मी मानते. अशांत काळात जुनं नाटक करण्याची याहून पवित्र रीत मला माहीत नाही.

मग मी 1907 का निवडलं? त्या काळात आपल्या गावातले सगळेच एका बाजूला उभे राहतात म्हणून नव्हे. ती तर या मांडणीतली अडचण आहे. कीचकाच्या डोक्यावर इंग्रजी टोपी चढवली की सगळे एकमतानं त्याचा द्वेष करून निर्धास्त घरी जातील. म्हणून आमच्या प्रयोगात कीचकाला इंग्रजी टोपी नाही. विराट हा एक लहानसा संस्थानिक आहे, पागोटं बांधणारा. सभेत कारभारी आहेत, वकील आहेत, रावबहादूर आहेत. गोरा साहेब कुठेच दिसत नाही. आणि कीचक हा व्यासांनी सांगितला तोच आहे, राणीचा भाऊ, राजाचा मेहुणा, सैन्याचा आधार. विराट गप्प बसतो कारण त्याचं राज्य याच मेहुण्याच्या बळावर उभं आहे. अधर्म परक्या मुलखातून आलेला नाही, तो घरात जेवायला बसतो.

माझ्या दृष्टीनं या कथेचं मर्म राणी सुदेष्णेपाशी आहे. सैरंध्री तिच्या पायाशी बसून विनवते की मला त्याच्याकडे पाठवू नका, तो माझा अपमान करील. राणीला ते ठाऊक असतं. तरी ती भावाच्या हट्टापायी हातात भांडं देते आणि मद्य आणण्याच्या निमित्तानं तिला धाडते. सैरंध्रीला सभेत लाथ बसण्याआधी घरातल्या बाईनं दार उघडून दिलेलं असतं. 1907 च्या प्रेक्षकांना कर्झन शोधण्याच्या नादात सुदेष्णा कितपत दिसली असेल, मी सांगू शकत नाही. आम्ही ती ठळक करणार आहोत. राजकीय नाटकात बायकांचं मौन हेही राजकारण असतं, आणि ते धर्माच्या तराजूवर घालायलाच हवं.

आणखी एक गोष्ट. कीचक मेल्यावर टाळ्या पडतात आणि मनं हलकी होतात, पण विराटपर्व तिथे थांबत नाही. कीचकाचे भाऊबंद सैरंध्रीला तिरडीला बांधतात. हिच्यामुळे तो मेला, त्याच्याबरोबर हिलाही जाळा, असं म्हणतात, आणि विराट त्याला संमती देतो. भीमाला स्मशानात धावून जाऊन तिला सोडवावं लागतं. मग राजा घाबरून तिलाच नगर सोडून जायला सांगतो, आणि ती आणखी तेरा दिवसांची मुदत मागते. एका कीचकाला मारून सभा सुधारत नाही. सभा तीच राहिली तर पीडितेलाच पुन्हा तिरडीला बांधते. खाडिलकरांच्या संहितेला हात न लावता, प्रयोगाच्या शेवटी हा भाग आम्ही निवेदनातून सांगणार आहोत. भीमाचा क्रोध मला न्याय्य वाटतो. युधिष्ठिराच्या कपाळावरचा घामही मला खरा वाटतो. पण त्या दोघांपेक्षा माझं मन सभेतल्या त्या बिननावाच्या लोकांकडे जातं, ज्यांनी सैरंध्रीचं बोलणं ऐकून मान डोलावली आणि ती पुन्हा संकटात सापडली तेव्हा जे कुठेच दिसले नाहीत. त्यांच्यापैकी दहांनी तोंड उघडलं असतं तर रात्रीच्या अंधारात, नृत्यशाळेत, भीमाला कीचक मारावाच लागला नसता.

तालमीला भीमाच्या कामासाठी रांग लागते. कीचक करायला कुणी तयार नसतं. गावात पुढे तेच नाव चिकटेल, अशी भीती असते. म्हणून मी नियम केला आहे की प्रत्येकानं आधी कीचक करून दाखवायचा, मुलींनीसुद्धा. नाटकी गडगडाट न करता. ज्या आवाजात आपण घरी हुकूम सोडतो, दुकानात हाताखालच्या पोराला दरडावतो, त्या आवाजात. मग सुदेष्णा करायची, मग विराट, मग सभेतला एक माणूस. हे सगळं ज्याला जमेल आणि ते करताना ज्याला स्वतःची लाज वाटेल, त्याला भीम मिळेल. काकांनाही मी तालमीला बोलावलं आहे. क्षेत्रात हे शोभतं का, ते त्यांनी पाहून ठरवावं. माझ्यापुरतं ठरलं आहे. देवाच्या दारी आपण आपल्यातलाच कीचक घेऊन उभं राहायचं असतं, शेजाऱ्याचा नव्हे.