मंद्र नाद आणि कानाचे प्रामाण्य

झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत जो दीर्घ वाद झाला त्याचे मूळ वेदांच्या प्रामाण्याच्या चर्चेत असले, तरी त्याची व्याप्ती प्रत्येक इंद्रियजन्य ज्ञानापर्यंत पोचते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक असे मानतात की ज्ञान उत्पन्न होते तेच प्रमाण म्हणून. पुढे त्याला खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान, म्हणजे बाधक प्रत्यय, उभे राहिले, किंवा ज्या साधनाने ते ज्ञान झाले त्यातच दोष आढळला, म्हणजे कारणदोष दिसला, तरच ते सोडावे लागते. हे स्वतःप्रामाण्य होय. नैयायिकांच्या मते मात्र ज्ञान झाले एवढ्याने त्याची यथार्थता कळत नाही. त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की मग ती कळते, आणि म्हणून प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून, सिद्ध होते. वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र आणून त्यांचा परस्पर तोल साधण्याच्या कामाला मिक्स म्हणतात. ते घरच्या खोलीत बसून करणाऱ्यापुढे हा वाद केवळ ग्रंथातला राहत नाही, आणि खालच्या, म्हणजे मंद्र, नादापाशी तर तो टाळताच येत नाही.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्राचे स्थान हृदयात, मध्याचे कंठात आणि ताराचे मूर्ध्यात सांगितले आहे. किक, म्हणजे पायाने वाजवला जाणारा मोठा ड्रम, आणि बेस गिटार यांचे मूळ नाद ज्या पट्ट्यात असतात तो याच हृदयस्थानाच्याही तळाशी येतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपनांची, म्हणजे 41 हर्ट्झची असते, आणि किकचा दणका बहुधा 50 ते 60 हर्ट्झच्या आसपास घुमतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, त्यामुळे 50 हर्ट्झच्या एका लहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर भरते. बेंगळुरूतील एखाद्या सदनिकेतल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ही लहर मावतच नाही. ती भिंतींवरून परतते, येणाऱ्या लहरीत मिसळते आणि खोलीत स्थिर लहरी उभ्या करते. बारा फुटांच्या अंतरात अशी पहिली लहर सुमारे 47 हर्ट्झला उभी राहते, दहा फुटांच्या अंतरात सुमारे 57 हर्ट्झला, आणि छतही दहा फुटांवर असेल तर त्याच 57 हर्ट्झची भर दुसऱ्यांदा पडते. या लहरींचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो, म्हणून खोलीच्या मध्यावर बसलेल्याला किक दुबळा वाटतो, तो त्याला वाढवत नेतो, आणि तेच गाणे मोटारीत लावले की सारे घुमू लागते. मोटारीतील हे ऐकणे म्हणजे बाधक प्रत्यय, आणि ती खोली म्हणजे कारणदोष. मीमांसकांनी सांगितलेली दोन्ही कारणे येथे एकाच वेळी हजर असतात.

दोष केवळ खोलीतच असता, तर कोपऱ्यांत आवाज शोषणारे जाड थर लावून आणि बसण्याची जागा बदलून तो बराच कमी झाला असता. तो कानातही आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे दिसले की आवाज हळू ठेवला की मधल्या पट्टीच्या मानाने मंद्र नाद कानाला फारच क्षीण वाटतात; शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री हळू आवाजात काम करणारा म्हणूनच बेस गरजेपेक्षा अधिक वाढवतो. त्यात भारतातील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने, सदोष जोडणीतून येणारी गुणगुण नेमकी किकच्याच पट्ट्यात शिरते.

या सर्वांवरून कान अप्रमाण आहे असा निष्कर्ष काढणे सोपे असले, तरी तो घाईचा ठरेल, आणि त्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा बेंगळुरूतच आहे. 1933 साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून या शहरात आलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1934 मध्ये येथे भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली, आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात भारतीय तालवाद्यांवर निबंध लिहिला. साध्या गोल चामड्याची निरनिराळी कंपने परस्परांशी पूर्णांकी नाते ठेवत नाहीत. पहिले कंपन एक मानले तर पुढची 1.59, 2.14, 2.30 अशी येतात, आणि म्हणून साध्या ढोलाचा स्वर संदिग्ध राहतो. मृदंग आणि तबल्याच्या मधोमध थरावर थर देऊन घोटलेली शाई ही नाती बदलते, आणि पहिली नऊ कंपने पाच स्वरसंवादी नादांत एकवटतात, हे रामन यांनी चामड्यावर बारीक वाळू पसरून, तिच्या उमटणाऱ्या आकृत्यांतून दाखवले. वाळूची ही साक्ष नैयायिकांना हवी तशी बाहेरची आहे. परंतु शाई घोटणाऱ्या कारागिरांनी ती कधीच मागितली नव्हती. त्यांनी कानावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास प्रयोगशाळेत खरा ठरला.

तेव्हा भेद ज्ञेय विषयात आहे. दोन नादांचे परस्पर नाते, ते जुळतात की भांडतात, हे कानाला आपोआप आणि निश्चित कळते; शाई अशाच नात्यांवर बेतलेली असते. मंद्र नाद किती आहे, त्याची मात्रा कोणती, हे मात्र खोली, अंतर आणि आवाजाची पातळी यांच्या अधीन असते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला रव्याचा लेप वादनाच्या वेळी देऊन तो कमीजास्त करण्याची रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे, कारण खर्जाची मात्रा त्या त्या ठिकाणीच ठरवावी लागते हे तीत गृहीत धरलेले आहे.

मिक्समधील कामाचीही अशीच विभागणी करता येते. किक आणि बेस एकाच पट्ट्यात येऊन एकमेकांना झाकत असतील, तर एकाला 60 हर्ट्झपाशी आणि दुसऱ्याला त्याच्या वर जागा द्यावी, किंवा किक पडताच बेसचा आवाज क्षणभर आपोआप खाली घेणारा कॉम्प्रेसर जोडावा. बेसचा स्वर किकच्या घुमण्याशी जुळतो की नाही, हे तर कानानेच ठरवावे. ज्यांना तळाच्या आवाजाची गरज नाही, अशा वाद्यांचा तो भाग गाळणीने काढून टाकावा. एवढ्यापर्यंत मीमांसकांचा मार्ग पुरतो. एकूण मात्रेच्या निर्णयाला मात्र बाहेरची साक्ष लागते.

येथे मीमांसकांचा जुना आक्षेप उभा राहतो: पडताळणी करणारे ज्ञानही पडताळावे लागत असेल, तर ही साखळी कोठे थांबणार? या अंतहीनतेला शास्त्रात अनवस्था म्हणतात, आणि मोटार, हेडफोन, फोन, मित्राचे घर अशा फेऱ्या मारून प्रत्येक ठिकाणी मिक्स बदलत राहणारा तिच्यातच सापडलेला असतो. नैयायिकांचे उत्तर असे की ज्या जातीचे ज्ञान वारंवार सफळ ठरले आहे, त्या जातीचे नवे ज्ञान तज्जातीय म्हणून प्रमाण मानता येते, आणि तेथे शंकेला जागा उरत नाही. घरच्या खोलीत हे उत्तर तंतोतंत लागू पडते. अनेक ठिकाणी ऐकून पूर्ण परिचयाची झालेली दोन-तीन गाणी त्याच खुर्चीवरून, त्याच आवाजात लावून आपला किक आणि बेस त्यांच्या शेजारी ठेवावा. तो तोल जुळला की थांबावे, आणि त्यानंतर केवळ मोटारीत वेगळे वाटले म्हणून मिक्स पुन्हा उघडू नये.