जव्हारचं वेळापत्रक

आम्ही दोघं जव्हारला राहायला जातोय असं बोरिवलीत कुणाला सांगितलं, की हमखास प्रश्न येतो, "राहायला? जव्हार तर एका दिवसात होतं." होतंच. सकाळी हायवेला लागायचं, मनोरला नाश्ता करायचा, विक्रमगडवरून वर चढायचं. जयविलास राजवाडा, शिरपामाळ, हनुमान पॉइंट, पावसाळा असेल तर दाभोशाचा धबधबा, शेवटी सूर्यास्त. रात्री जेवायला घरी. अशा दिवसात वावगं काही नाही. पण जव्हारचं जे स्वतःचं आहे, त्यातलं फार थोडं या दिवसाच्या वाट्याला येतं. ते वेगळ्या वेळापत्रकाने चालतं. संथ प्रवासाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे, की काही दिवस दुसऱ्याच्या वेळापत्रकाने राहायचं.

साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचं हे गाव. चौदाव्या शतकापासून १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथे महादेव कोळी मुकण्यांचं राज्य होतं. नगरपालिका १९१८ ची. सुरतेवर जाताना १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचा तळ शिरपामाळावर पडला होता, असं गाव अभिमानाने सांगतं. एवढं मोठं पूर्वायुष्य असलेल्या गावाला 'मिनी महाबळेश्वर' म्हणावंसं का वाटतं, हे मला कधी कळलेलं नाही. जव्हारला जव्हार म्हणून पाहायला काय हरकत आहे?

आम्ही डहाणू लोकलने पालघर गाठलं आणि पुढे एसटी घेतली. मुंबईत आमचं बोलणं बहुतेक कामाचं असतं. आईंची औषधं, सोसायटीची मीटिंग, कोण कधी घरी येणार. जव्हारमध्ये हे विषय पहिल्याच संध्याकाळी संपले आणि आम्ही दोघंही जरा अवघडलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एकमेकांना सांगण्यासारखं नवं फार उरत नाही, ही भीती बऱ्याच जोडप्यांना असते आणि भरगच्च सहली ती झाकून ठेवतात. आमच्यापुरतं सांगायचं, तर एकमेकांशी बोलण्यापेक्षा एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहणं जास्त उपयोगी पडलं.

एका पाड्यावर एका घरात लग्नाचा जुना चौक होता. वारली चित्र आपल्याकडे कुर्त्यावर, कपावर, अंधेरीच्या ऑफिसांच्या स्वागतकक्षात रोज दिसतं. ते मुळात लग्नाचं. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने चौक लिहितात. आत पालघट देवी. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि लग्न लावते. लग्न पार पडलं की चित्राचं काम झालं, मग ते धुराने काळवंडो नाहीतर पोपडे धरून पडो. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात लग्नाच्या निमित्ताशिवाय, रोज, कागदावर चित्रं काढायला सुरुवात केली म्हणून ही कला जगापर्यंत गेली. ते मोठंच काम होतं. पण चित्र टिकवायचं असतं हा आपला आग्रह, या भिंतींचा नव्हे, हे त्या घरात उभं राहिल्यावर मला पटलं. मी देवीच पाहत राहिले होते. नवऱ्याचं लक्ष कडेला, ताडावर चढणाऱ्या एका इवल्याशा माणसाकडे होतं. त्याने दाखवला नसता तर तो मला दिसला नसता.

तारप्याचंही तसंच. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून हे वाद्य होतं. खरा तारपा वाजतो तो नवं भात आल्यावर, रात्र रात्र. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्या भोवती, आणि सुरावट बदलली की पावलं बदलतात. याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा दिल्लीने एका अख्ख्या ऋतूची दखल घेतली असं मला वाटलं. रिसॉर्टच्या हिरवळीवर पंधरा मिनिटांत आटोपणारा तारपा त्या ऋतूतून उपटून आणलेला असतो.

इथवर सगळं सुखाचं. पण गावात थोडं जास्त राहिलं की दुसरं वेळापत्रकही दिसू लागतं. पावसाळ्यात इथे पाऊस धो धो कोसळतो. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही आणि फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवरच्या विहिरी तळ दाखवू लागतात. मग बायकांची पहाट हंड्यांमागे जाते. शेजारच्या मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ मध्ये लोकार्पण झालेलं. ते मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी देतं. भांडुपला शुद्ध होऊन ते आपल्या उपनगरांत पोहोचतं. एका पाड्यावर एका आजींनी मला सहज विचारलं, "तुमच्याकडं पाणी कुठनं येतं?" "नळाला येतं," मी म्हणाले. नवरा हळूच म्हणाला, "इथूनच येतं, आजी."

विटांचंही तेच. भात निघालं, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात, लेकरंही बरोबर. १९९२-९३ मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा जव्हारचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलं. पण बातमी असो वा नसो, जव्हारशी आपलं नातं सहलीआधीच जुळलेलं असतं, आपल्या नळात आणि भिंतीत. ते ठाऊक असूनही एका दिवसात गाव उरकून परतणं मला आता जमणार नाही.

संध्याकाळी आम्ही आळीपाळीने गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचत होतो. गोदावरीबाई आणि शामराव हेही शहरातून आलेलं जोडपं. १९४५ मध्ये ते वारल्यांमध्ये आले, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात पाड्यापाड्यांवर पायी फिरले, झोपड्यांत राहिले. वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी गडी होऊन राबणं, या दोन्हींविरुद्धचा लढा त्या मुक्कामांतून उभा राहिला. त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. पण माणसांच्या घरी, माणसांच्या वेळेने राहिल्याशिवाय त्यांचं दुःख ऐकू येत नाही, ही त्यांची रीत पाहुण्यांनाही थोडीफार लागू पडावी.

आमचा बोहाडा पाहायचा राहिला आहे. होळीनंतरच्या उन्हाळ्यात गावोगाव हा मुखवट्यांचा उत्सव होतो. गणपती, रावण, नरसिंह अशी सोंगं रात्रभर नाचतात आणि अमुक सोंग अमुक घराण्याचं असं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. शिमग्याला भट्ट्यांवरून माणसं परतलेली असतात, गाव भरलेलं असतं. पण विहिरी आटतात त्याही याच दिवसांत. नवऱ्याचं म्हणणं, अशा वेळी शहरातल्या माणसांनी पाण्याला वाटेकरी होऊन जाऊच नये. मला वाटतं, गाव एकत्र असताना त्याला भेटायला कुणी गेलंच नाही, तर आपल्याला जव्हार फक्त हिरवं आणि निम्मं रिकामं एवढंच ठाऊक राहील. यावर आमचं अजून एकमत नाही. ज्यांच्याकडे उतरतो त्यांनाच विचारायचं आणि ते म्हणतील तसं करायचं, एवढं मात्र दोघांनाही मान्य आहे.