जुगाऱ्याचे अपील

डोंबिवलीत पत्ते कुटताना धरलेल्या एखाद्या मजुराने शिक्षा जबर म्हणून कल्याणच्या सत्र न्यायालयात अपील केले, की सज्जनांच्या कपाळास आठी पडते. द्यूत वाईट खरेच. धर्मराजाचेही राज्य त्याने घालविले. परंतु 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने परवान्याच्या मैदानावरील घोड्यांच्या पैजा वगळल्या आहेत, आणि 1969 मध्ये सरकारनेच लॉटरी काढली! त्यांस पाप म्हणावयास कोणी धजत नाही. मजूर कोंडला म्हणजे रोज बुडतो, उपास घडतो तो मुलांना. तो निर्दोष ठरू पाहत नाही. कैदेऐवजी दंड मागतो. दंड भरण्याची ऐपत नसेल तर पुन्हा तुरुंगच. म्हणून हप्त्यांची सवलत कायद्याने ठेविली आहे. ती न्यायाधीशांनी आपण होऊन द्यावी, असे आम्हांस वाटते.