बेकाराचें भांडवल

नोकरी गेलेल्या किंवा मुळांतच न मिळालेल्या मनुष्याला "एखादा लहानसा धंदा कां काढीत नाहींस?" असा उपदेश करणें हा आपल्या मध्यमवर्गांतील एक जुना आणि अत्यंत स्वस्त परोपकार आहे. उपदेश करणारे गृहस्थ बहुधा पेन्शनर असतात आणि ऐकणारा त्यांचा पुतण्या किंवा भाचा असतो. उपदेशाचा पूर्वार्ध आटोपून "भांडवल कोठून आणूं, काका?" असा प्रश्न आला, म्हणजे मात्र संभाषण हवापाण्याकडे वळतें. हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याला मिळकत नाहीं व मालमत्ताही नाहीं, त्यानें धंदा काढावयाचा म्हणजे दुसऱ्या कोणाचें तरी द्रव्य धोक्यांत घालावयाचें. तें कोणाचें घालावें व कोणाचें घालूं नये, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि त्या अंगानें त्याचा विचार क्वचितच होतो.

आपल्या भाषेंतील 'पत' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पत म्हणजे अब्रू, आणि पत म्हणजे उधार मिळण्याची पात्रताही. दिलेला शब्द पाळणाऱ्याला उधार मिळावें, या साध्या व्यवहारांतूनच हे दोन अर्थ एकत्र नांदूं लागले असावेत. आतां मात्र पत मोजण्याचीं साधनें बदललीं आहेत. पगाराचे दाखले, प्राप्तिकराचे तीन वर्षांचे कागद, घराचें खरेदीखत, यांवरून ती ठरते. ज्याच्यापाशीं हे कागद असतात त्याला कर्जाची निकड नसते, आणि ज्याला निकड असते त्याच्यापाशीं ते कागद नसतात. बेकारांना साह्य करण्याच्या हेतूनेंच निघालेल्या योजनाही या चक्रांतून सुटलेल्या दिसत नाहींत. इंग्लंडांत १९८३ सालीं देशभर लागू झालेल्या एका योजनेप्रमाणें धंदा काढणाऱ्या बेकाराला वर्षभर आठवड्यास ४० पौंड मिळत. परंतु ते मिळण्यासाठीं स्वतःचे किंवा उसने १,००० पौंड आपल्या हातीं आहेत, असें त्याला आधीं दाखवावें लागे. आपल्याकडे २००८ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिति कार्यक्रमांत सरकार अनुदान देतें व बँक कर्ज देते. तरी प्रकल्पाच्या खर्चापैकीं शेंकडा १०, आणि विशेष वर्गांतील अर्जदारानें शेंकडा ५, इतका भाग पदरचा घालावा अशी अट त्यांत घातलेली आहे. अट अन्यायाची आहे असें नाहीं. ज्याचें स्वतःचें कांहींच गुंतलेलें नाहीं त्याचें मन धंद्यांत गुंतणार नाहीं, ही त्यामागील समजूत शहाणपणाचीच आहे. पण ज्याच्या पदरीं कांहीं नाहीं त्यानें पदरचें घालावें, म्हणजे कोणाच्या पदरचें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

तें पदर बहुधा घरांतलेंच असतें, आणि पुष्कळदां अगदीं शब्दशः!

याचें आपणां सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण दादासाहेब फाळक्यांचें. छापखान्याचा जम बसलेला धंदा त्यांनीं सोडला होता आणि चलच्चित्राच्या ध्यासानें त्यांना घेरलें होतें. आयुष्याचा विमा गहाण टाकून त्यांनीं १९१२ सालीं लंडनची वाट धरली, तेथून यंत्र आणलें. पण चित्रपट काढावयास पैसा देणार कोण? तेव्हां त्यांनीं कुंडींत एक वाटाणा पेरला, आणि त्याला अंकुर फुटून वेल होईपर्यंतच्या वाढीचें रोज थोडथोडें चित्रण करून तें धनिकांस दाखविलें. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने मोडावे लागलेच. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. एका बाजूनें स्वयंपाक व दुसऱ्या बाजूनें फिल्मला भोकें पाडण्याचें काम सांभाळणाऱ्या त्या माउलीचें नांव मात्र त्या काळच्या कोणत्याही हिशेबाच्या वहींत भांडवलदार म्हणून नसावें. दिलेल्या शब्दापायीं बायकोमुलाला विकणाऱ्या राजाची कथा पत्नीच्या अलंकारांवर पडद्यावर यावी, हा योग विलक्षण खराच.

फाळके यशस्वी झाले म्हणून ती कथा आपण अभिमानानें सांगतों. ते अयशस्वी झाले असते, तर तेच दागिने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडीं "एका खुळ्यानें बायकोचें सोनें फुंकलें" या वाक्यांत आले असते. कृत्याचें नैतिक मोल त्याच्या निकालावर ठरवावयाचें नसेल, तर दागिने मोडले त्या दिवशीं तें कृत्य योग्य होतें कीं अयोग्य, हें ठरविण्याचा दुसरा कांहीं मानदंड हवा.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं याचा विचार अजिबात केला नाहीं असें नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि आणि बंदिवास अशा प्रसंगीं पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत केलेंच पाहिजे असें नाहीं, असें म्हटलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं स्त्रीधनावर पत्नीचीच पूर्ण मालकी आहे असें सांगितलें, आणि २०२४ सालच्या एका निकालांत संकटसमयीं पतीनें तें वापरल्यास परत करण्याचें नैतिक बंधन त्याच्यावर राहतें असा निर्वाळा दिला. स्मृतिकाराहून न्यायालयाचें पाऊल येथें पुढें पडलें आहे. तथापि बेकाराच्या बाबतींत खरी गांठ पुढेंच आहे. बेकारी हें संकट आहे काय? चूल बंद पडली असेल तर तें दुर्भिक्षच होय, आणि चुलीसाठीं सोनें मोडणाऱ्याला कोणीही दोष देणार नाहीं. परंतु धंद्याचें भांडवल चुलींत जात नाहीं. तें आशेवर लावलें जातें. भूक माणसाला निवड करूं देत नाहीं, आशा देते. म्हणून पोटासाठीं घेतलेलें आणि धंद्यासाठीं घेतलेलें, हीं दोन देणीं एका मापानें मोजतां येणार नाहींत.

"तिच्या संमतीनेंच घेतलें" असें यावर उत्तर येतें. ही संमति आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. "घ्या कीं, आपलेंच तर आहे," असें म्हणून ती पेटींतून पाटल्या काढून देते. जिला नकार देण्याची मुभा संसारानें कधीं दिलीच नाहीं, तिच्या होकाराला किती वजन द्यावयाचें? सेवानिवृत्तीचा निधि मुलाच्या हवालीं करणाऱ्या वृद्ध बापाचीही हीच अवस्था असते. नाहीं म्हटलें तर मुलगा तोंड फिरवील ही भीति त्याच्या उदारपणांत मिसळलेली असते. याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर १९८१ सालचें घ्या. पुण्यांत इन्फोसिसची स्थापना झाली तेव्हां सुधा मूर्तींनीं आपल्या बचतींतून पतीला १०,००० रुपये दिले, हें सर्वश्रुत आहे. ती बचत स्वतः नोकरी करून मिळविलेल्या पैशांतून झालेली होती, आणि त्यांना नाहीं म्हणतां आलें असतें. त्यांच्या होकाराची किंमत त्यामुळेंच अधिक आहे.

आमचा अभिप्राय असा कीं, ज्याला मोकळेपणानें नाहीं म्हणतां येतें त्याच्याकडूनच धोक्याच्या कामासाठीं द्रव्य घ्यावें. या कसोटीनें पाहिलें तर आपल्याकडील रूढ समजूत उलटी होते. घरचा बिनव्याजी पैसा चांगला आणि परक्याचा सव्याज पैसा वाईट, असें आपण मानतों. पण परका आपला नफातोटा पाहून देतो, आणि न देण्याचें स्वातंत्र्य त्याला पूर्ण असतें. त्याच्या कर्जाचें ओझें रुपयांत मोजतां येतें. घरच्या कर्जाचें ओझें सणावारीं पानावर बसतां उठतां जाणवतें आणि कोणत्याही हप्त्यानें फिटत नाहीं.

परक्याचें कर्ज म्हणजे आपोआप शुद्ध कर्ज, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून खतें ओढून जाळलीं, त्यांत एका मोठ्या अन्यायाचा हिशेब होता. थकलेलें व्याज मुद्दलाहून अधिक घेऊं नये हा दामदुपटीचा जुना नियम होताच. पण खतें नवीं करून त्याला बगल देतां येत असे. पुढें जर्मनींतील राइफायझेनच्या धर्तीवर, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनीं एकमेकांची हमी घ्यावी या तत्त्वावर, १९०४ च्या कायद्यानें आपल्याकडे सहकारी पतपेढ्या निघाल्या. कल्पना थोर होती, आणि तिनें पुष्कळ भलें केलें. परंतु हमीच्या त्याच तत्त्वाचें दुसरें रूप आंध्रांत २०१० सालीं दिसलें. लहान कर्जें वांटणाऱ्या कंपन्यांनीं गटांतील बायकांचाच एकमेकींवर वसुलीसाठीं दाब आणला, आणि सरकारला मध्यें पडावें लागलें. शेजारणीनें शेजारणीच्या दारांत बसून हप्ता मागावा, ही स्थिति घरांतील ओझ्याहून फारशी निराळी नाहीं.

मग निष्कांचन मनुष्यानें परक्यापुढें तारण म्हणून ठेवावें तरी काय? फाळक्यांच्या कुंडींतील वाटाणा हें त्याचें उत्तर आहे. "माझ्यापाशीं घर नाहीं, पण हें काम मला येतें, तुम्ही डोळ्यांनीं पाहा," असें त्यांनीं धनिकांस सांगितलें. कामाचा नमुना हेंही एक तारणच आहे, आणि तें कोणाच्या अंगावरून उतरवून आणावें लागत नाहीं. मागणी जितकी लहान तितका असा नमुना पुरेसा होतो. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतल्या सात स्त्रियांनीं गच्चीवर पापड लाटावयास घेतले, तेव्हां त्यांनीं एका समाजसेवकाकडून ८० रुपये घेतले, आणि ते उसने म्हणून घेतले. पुढें धंदा तोट्यांत गेला तरी देणगी घ्यावयाची नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. 'लिज्जत' पापडाचें नांव आज घरोघर आहे. पण आम्हांस त्या यशापेक्षां तो निश्चय अधिक मोलाचा वाटतो. देणगी घेणारा उपकृत होतो, आणि घेतलेलें फेडणारा मोकळा होतो.

सरकारनें अशा कर्जांची जोखीम उचलावी काय, याबद्दल पुष्कळ सुशिक्षितांच्या मनांत किंतु असतो. करदात्याच्या पैशानें उडाणटप्पूंचीं दुकानें कां मांडावीं, असें ते विचारतात. लहान उद्योगांच्या कर्जांस हमी देणारा निधि २००० सालीं निघाला, १० लाखांपर्यंतचें कर्ज तारणावांचून द्यावें असें रिझर्व्ह बँकेनें २०१० सालीं बँकांस बजावलें, आणि २०१५ सालीं मुद्रा योजना आली. यांतील कांहीं कर्जें बुडतील यांत शंका नाहीं. पण बुडणारें द्रव्य कोठें तरी बुडणारच असेल, तर तें एका घरांतील एकाच बाईच्या गळ्यांतून जाण्यापेक्षां कोट्यवधि लोकांत विभागून जावें हेंच अधिक न्याय्य नव्हे काय? म्हणूनच, तारण नको असें म्हणावयाचें आणि मग सासऱ्याची किंवा मेहुण्याची सही जामीन म्हणून मागावयाची, असा प्रकार जेथें घडतो तेथें योजनेचा हेतूच विफल होतो.

इतकें करूनही कित्येकांना शेवटीं घरच्या पेटीकडेच वळावें लागेल, हें आम्ही जाणतों. त्यांनीं निदान एवढें करावें. रोजकीर्दीच्या पहिल्याच पानावर तें सोनें पत्नीच्या नांवें जमा करावें. किती तोळे होतें, त्या दिवशीं भाव काय होता, नफा झाल्यास तिचा भाग किती, आणि परत द्यावयाचें तें वजनानें कीं पैशानें, हें सर्व तिच्यादेखत लिहावें. भाव चढत जातो, म्हणून वजनानें लिहिणें बरें. जुन्या वळणाच्या गृहस्थांस हें रुचणार नाहीं. नवराबायकोंत कसला आला आहे कागद, असें ते म्हणतील. पण तेच गृहस्थ तें सोनें बँकेंत गहाण ठेवतांना तोळ्यामाशाची पावती मागून घेतात, आणि ती स्वतःच्या नांवानें करून घेतात.